डेटा सायन्सचं प्रॅक्टिकल कांद्याच्या बाजारभावावर कसं घ्यायचं

डेटा सायन्स शिकवताना सर्रास वापरल्या जाणाऱ्या आयरिस या फुलांच्या मापांच्या फाइलमध्ये १५० फुलं आहेत. तीन जाती, प्रत्येकी ५० फुलं, आणि एकही रकाना रिकामा नाही. फुलाची जात ओळखायला कुठलीही साधी पद्धत लावली तरी ९५ टक्क्यांच्या आसपास अचूकता येते आणि विद्यार्थ्याला वाटतं, जमलं. प्रॅक्टिकलच्या जुन्या जर्नलमधला बॉस्टनच्या घरांच्या किमतींचा डेटा तर सायकिट-लर्न या पायथनच्या लायब्ररीच्या १.२ आवृत्तीपासून काढूनच टाकलाय, त्यामुळे तो कोड आता पहिल्याच ओळीला अडकतो. अभ्यासक्रमात आयरिस असेल तर एका तासात उरकावं. बाकीचं सत्र एकाच खऱ्या, अडचणीच्या डेटावर घालवावं. महाराष्ट्रातल्या कॉलेजला त्यासाठी कांद्याच्या दरांइतकं चांगलं काही नाही.

राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या दैनंदिन दरपत्रकात बाजार समिती, जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. वीस जणांच्या बॅचला वीस बाजार वाटून द्या: लासलगाव, पिंपळगाव बसवंत, सोलापूर, चाकण, असे. प्रश्न सगळ्यांना एकच: उद्याचा सर्वसाधारण दर किती? डेटा वेगळा असला की शेजाऱ्याची फाइल नुसती नाव बदलून चालत नाही. २०२१ ते २०२३ अशी तीन वर्षं पुरतात. डेटा शिक्षकानं आधीच उतरवून लॅबच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवावा, आणि निदान दोन बाजार सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः साफ करून पाहावेत. कोलॅबवर (गूगलच्या ऑनलाइन नोटबुकवर) काम असेल तर फाइल ड्राइव्हवरच हवी. सेशन तुटलं की तात्पुरत्या जागेतलं सगळं जातं.

पहिले चार आठवडे फक्त डेटाची सफाई, दराचा अंदाज बांधणाऱ्या मॉडेलचं नावही काढू नये.

सुरुवात तारखांपासून. ०३/०४/२०२३ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, पण पांडाज (तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी) सांगितल्याशिवाय तो ४ मार्च धरतो. २.० आवृत्तीपासून तो पहिल्या तारखेवरून साचा ठरवतो आणि पुढे १३/०४ आलं की एरर देतो. इथेच विद्यार्थी चुकतात. इंटरनेटवर शोधून ‘कोअर्स’ (न वाचता आलेली तारीख रिकामी सोडणारा) हा पर्याय लावतात, एरर नाहीशी होते, पण १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या तारखा रिकाम्या होतात. मग ‘रिकाम्या ओळी काढा’ चालवलं की प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवसच उरतात, तेही दिवस-महिना उलटे होऊन. आलेख तरीही छान दिसतो. पकडायचं कसं? महिन्यातल्या १ ते ३१ या प्रत्येक दिवसाच्या किती ओळी आहेत ते मोजायला लावा. बारानंतर शून्य दिसलं की चूक वर्गासमोर उघडी पडते. उपाय म्हणजे तारखेचा साचा स्वतः लिहून देणं, अंदाजावर न सोडणं. ही चूक आधी होऊ द्यावी आणि मग दाखवावी. आधीच सावध केलं तर ती लक्षात राहत नाही.

नंतर नावं. ‘लासलगाव’ शब्द असलेल्या सगळ्या ओळी निवडल्या की लासलगाव-विंचूर आणि लासलगाव-निफाड हे उपबाजारही आत येतात आणि एका दिवसाला तीन-तीन दर दिसू लागतात. लाल कांदा आणि उन्हाळी कांदा या वेगळ्या ओळी असतात, त्यांची सरसकट सरासरी काढली तर हंगाम बदलताना दर उगाच हलल्यासारखा दिसतो. दुसरी फाइल, समजा पावसाची, जोडायची झाली तर ‘कऱ्हाड’ हे उदाहरण फळ्यावर घ्या. यातला ‘ऱ्’ संगणकात तीन प्रकारे लिहिलेला सापडतो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त, साध्या ‘र’ला नुक्ता देऊन हलन्त, किंवा ‘र’ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच, पण पायथन त्यांना वेगळे मानतो आणि जोडणीत ओळी गळतात. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर एकाच प्रकारे लिहून घेणं) पहिले दोन एक करतं. तिसरा हातानं बदलावा लागतो. शिवाय कोणी ‘कराड’ लिहितं, ते वेगळंच. म्हणून जोडणीनंतर न जुळलेल्या नावांची यादी छापणं सक्तीचं करा.

परिमाणाचा रकाना वाचायची सवय लावा. कांदा क्विंटलमध्ये असतो, पण कोथिंबिरीच्या ओळीत नग दिसतात. सुटीच्या किंवा लिलाव बंद असलेल्या दिवसाची ओळच नसते. तिथे शून्य भरलं तर दर कोसळल्याचं दिसेल आणि वर्षाची सरासरी भरली तर नसलेला बाजार भरेल. दिवस रिकामा ठेवावा.

आता मॉडेल, आणि सत्रातला सर्वांत महत्त्वाचा तास. वर्गाला सांगा: आवक, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दर वापरा, ओळी कशाही उचलून ८० टक्के शिकवायला (ट्रेनिंग) आणि २० टक्के तपासायला (टेस्ट) वाटा, सर्वसाधारण दर ओळखा. आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळला याचं माप, एक म्हणजे तंतोतंत) एकच्या अगदी जवळ येईल. दोन मिनिटं आनंद होऊ द्या, मग विचारा: “उद्या लिलाव सुरू होण्याआधी यातला कोणता आकडा तुमच्या हातात असेल?” एकही नाही. किमान आणि कमाल दर त्याच दिवशी, त्याच लिलावातून येतात. उत्तर प्रश्नातच होतं. यालाच डेटा लीकेज म्हणतात, आणि व्याख्या पाठ करून ते कळत नाही.

मग दुरुस्ती. कालचा दर, सात बाजार-दिवसांपूर्वीचा दर आणि मागच्या सात दिवसांची सरासरी एवढेच रकाने ठेवा. सरासरी काढताना आधी ‘शिफ्ट’नं एक ओळ मागे सरकवायचं, मग ‘रोलिंग’नं सरकती सरासरी काढायची. शिफ्ट विसरलं की आजचा दर पुन्हा सरासरीत शिरतो. वाटणी तारखेनं करा: जून २०२३ पर्यंत ट्रेनिंग, जुलै ते डिसेंबर टेस्ट. ओळी कशाही वाटल्या तर मंगळवारचा दर ओळखताना बुधवारचा दर ट्रेनिंगमध्ये बसलेला असतो. स्केलिंगसाठी (सगळे रकाने एका मापात आणण्यासाठी) लागणारे आकडेही फक्त ट्रेनिंगच्या भागावरून काढायचे.

मॉडेलच्या आधी पायारेषा, म्हणजे तुलनेसाठी सर्वांत साधा अंदाज: उद्याचा दर म्हणजे आजचाच दर. चूक रुपये प्रति क्विंटलमध्ये मोजा, टक्क्यांत नको, रुपये कळतात. ही पायारेषा हरवणं कठीण आहे आणि बऱ्याच जणांचं रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांची सरासरी घेणारं मॉडेल) तिच्या मागे राहतं, कारण ट्रेनिंगमध्ये पाहिलेल्या सर्वांत चढ्या दराच्या वर ते जाऊच शकत नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्रानं कांदा निर्यातीवर बंदी घातली. त्या आठवड्यातल्या चुका वेगळ्या काढून दाखवा. दिल्लीतला निर्णय मागच्या दरांच्या रकान्यांत नसतो, त्यामुळे मॉडेलला तो आधी कळण्याचा मार्गच नाही. मॉडेल हरलं म्हणून गुण कापू नका. का हरलं हे नीट लिहिलेल्याला पूर्ण गुण द्या.

टर्मवर्कच्या (सत्रभराच्या कामाच्या) २५ गुणांपैकी १० सफाईच्या नोंदवहीला ठेवा: बदल काय, आधी किती ओळी, नंतर किती, कारण काय. ५ पायारेषेला, ५ मॉडेलला, ५ ओरलला. कोड आता चॅटबॉटकडून मिनिटात मिळतो, पण, समजा, पिंपळगावच्या फाइलमधल्या अकरा ओळी का काढल्या हे फाइल उघडून बसलेल्यालाच सांगता येतं. ओरल प्रत्येकी पाच मिनिटं. वीस जण १०० मिनिटांत होतात. विद्यार्थ्याच्याच कोडच्या नोटबुकमध्ये ‘शिफ्ट’ची ओळ पुसा आणि चालवण्याआधी विचारा, चूक वाढेल की कमी होईल, आणि का.

एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) येतात तेव्हा अनुक्रमणिकेत प्रत्येक आठवड्यापुढे अभ्यासक्रमातला प्रयोग क्रमांक लिहिलेला असावा, नाहीतर सगळा वेळ खुलाशात जातो. सबमिशन घेताना कर्नल (नोटबुकचा कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करून नोटबुक वरपासून खालपर्यंत समोर चालवायला लावा. खालची चौकट आधी चालवून वरच्या चौकटीत वापरलेली नावं इथेच सापडतात, म्हणून हे शेवटच्या दिवशी न ठेवता एक आठवडा आधी करावं.