वडील गेल्यानंतर: तिथी, कंदील, कॅसेट आणि आठवणी जपायची रीत

वडील गेले की पहिल्या वर्षात घरातली मंडळी भारावून बरंच काही ठरवतात. दर महिन्याला अन्नदान, दरवर्षी सगळ्या भावंडांचं एकत्र जेवण, स्मरणिका, नावाने पुरस्कार. तिसऱ्या वर्षी त्यातलं क्वचितच काही चालू असतं, कारण सगळा भार एकाच माणसावर येतो आणि ऐरोली, खारघर, डोंबिवली अशा तीन ठिकाणी पांगलेली भावंडं कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता ठाण्यातल्या वडिलांच्या घरी हजर होऊ शकत नाहीत. म्हणून यादी मुद्दाम तोकडी ठेवा: एक तिथी, वडील स्वतः हाताने करायचे असं एक काम आणि जुनी माणसं बोलती आहेत तोवर त्यांच्याकडून काढून घेतलेल्या आठवणी. शेवटच्या गोष्टीला सगळ्यात आधी हात घाला. तिथी दरवर्षी येते, आत्या दरवर्षी बोलू शकेलच असं नाही.

तिथी नक्की करताना

मृत्यूच्या क्षणी जी तिथी चालू होती ती धरतात, त्यामुळे नुसती तारीख पुरत नाही, वेळही लागते. ती दवाखान्याच्या कागदांवर मिळते. पंचांगात प्रत्येक तिथी किती वाजता संपते ते दिलेलं असतं, त्याच्याशी वेळ ताडून पाहा. पहाटे दोन-तीनला मृत्यू झाला असेल तर पंचांगात आदल्या दिवसाच्या रकान्यात बघावं लागतं, कारण पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच. महिना, पक्ष, तिथी आणि वेळ एका कागदावर लिहून देवघरातल्या पंचांगाला टाचून ठेवा आणि तेच भावंडांच्या ग्रुपवरही टाका.

तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, कारण चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं. अधिक महिना आला की ती एकदम पुढे उडी मारते. मृत्यू अधिक मासात झाला असेल तर एरवीच्या वर्षी त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात श्राद्ध करतात. शिवाय श्राद्धाला सूर्योदयाची नव्हे, अपराह्णाची तिथी बघतात, म्हणजे साधारण दुपारी दीड ते चार या वेळातली. त्यामुळे कॅलेंडरच्या चौकटीत छापलेली तिथी आणि श्राद्धाचा दिवस यांत एका दिवसाचा फरक पडू शकतो. पितृपक्षातलं श्राद्ध त्याच तिथीला, भाद्रपद वद्यात. ते चुकलं किंवा तिथी माहीतच नसली तर सर्वपित्री अमावास्या असतेच. पहिल्या वर्षी काय करायचं आणि काय नाही याबाबत घराघराची आणि गुरुजी-गुरुजींची रीत वेगळी असते. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि वाद घालू नका.

स्वयंपाक सर्वांना ठाऊक आहे: भरडीचे वडे, खीर, अळूची पातळ भाजी, आमसुलाची चटणी, कढी. कांदा-लसूण नाही. वड्याचं पीठ घरी करायचं तर चार वाट्या तांदूळ, एक वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी उडदाची डाळ, पाव वाटी गहू, दोन चमचे धणे आणि पाऊण चमचा मेथ्या कोरड्याच भाजून जाडसर दळून आणा. वडे कडक झाले तर समजा की पीठ गार पाण्यात मळलं किंवा मोहन कमी पडलं. गरम पाण्यात मळून दोन तास झाकून ठेवलं की ते हलके होतात. वडिलांना सुरमई किंवा मटण आवडायचं म्हणून ते श्राद्धाच्या पानात घालण्याचा हट्ट धरू नका. त्यासाठी वाढदिवसाचा रविवार ठेवा, त्या दिवशी कुणी काही म्हणत नाही. गच्चीवर कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून पुढे जायचं असतं. त्यावरून वडिलांची कुठली इच्छा राहिली याची चर्चा जेवायला थांबलेल्या माणसांसमोर नको.

जुन्या माणसांना काय विचारायचं

‘बाबा कसे होते?’ असं विचारलं की एकच उत्तर येतं: फार साधे होते, कुणाला कधी दुखावलं नाही. हे उत्तर कुणाच्याही वडिलांना लागू पडतं. स्वभावाबद्दल विचारूच नका, वस्तू, पैसा, रस्ता आणि आवाज यांबद्दल विचारा. पगाराच्या दिवशी घरी काय यायचं? वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून सुटल्यावर घरी चालत यायचे की बसने, आणि वाटेत कुठे थांबायचे? लाइट गेली की काय करायचे? चिडल्यावर तोंडात ठरलेला शब्द कोणता? पहिला पंखा, पहिला टीव्ही घरात कधी आला, हप्त्यावर की रोख? घर घेताना पैसे कुणाकडून आणले? या शेवटच्या प्रश्नावर हमखास एखादी अशी गोष्ट बाहेर पडते, जी मुलांना कधीच कळलेली नसते.

नातेवाईकांच्या आधी इतरांकडे जा: लोकलच्या डब्यातला ग्रुप, कारखान्यातले सहकारी, चाळीतले शेजारी. घरच्यांनी आपल्या गोष्टी इतक्यांदा सांगितलेल्या असतात की त्या गुळगुळीत झालेल्या असतात. बाहेरचा माणूस पहिल्यांदाच सांगतो आणि त्याला लपवायचंही काही नसतं.

रेकॉर्डिंग मोबाइलवरच करा. मोबाइल बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर, चार घड्या घातलेल्या पंचावर ठेवा, नाहीतर टेबलावर कप ठेवल्याचा आवाजसुद्धा धाडकन येतो. पंखा बंद करा. उकडत असेल तर सकाळची वेळ धरा, पण पंख्याची घरघर नंतर काढता येत नाही. मोबाइल विमान मोडवर टाका. सुरुवातीला कोण बोलतंय, कुठे आणि कधी हे स्वतःच्या आवाजात सांगा. एका वेळी एकच माणूस आणि पाऊण तासाच्या आत. दोन आत्या एकत्र बसल्या की दुसरी पहिलीला दुरुस्त करत राहते आणि पहिली गप्प बसते. दोघींच्या सांगण्यात फरक असेल तर दोन्ही ठेवा, खरं-खोटं करायला बसू नका. बोलताना डोळ्यांत पाणी आलं तर रेकॉर्डिंग लगेच बंद करायची घाई नको. पाणी द्या आणि गप्प राहा. पुढचं बोलणं बहुधा सगळ्यात मोकळं असतं.

त्यांचा आवाज

हे काम तातडीचं आहे. वडिलांच्या मोबाइलमधलं सिम रिचार्ज न करता पडून राहिलं तर साधारण ९० दिवसांनी नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे तो दुसऱ्याला दिला जातो. व्हॉट्सअॅपचं खातंही १२० दिवस वापराविना राहिलं की सहसा काढून टाकलं जातं. तेव्हा किमान वर्षभर रिचार्ज चालू ठेवा, बँकेच्या कामांसाठीही तो नंबर लागतोच. चॅट ‘एक्स्पोर्ट’ केलं म्हणजे सगळं आलं असं समजू नका, मीडियासकट काढताना त्यात जुने संदेश पूर्ण येत नाहीत. अँड्रॉइड फोन असेल तर व्हॉट्सअॅपच्या मीडिया फोल्डरमधलं ‘व्हॉइस नोट्स’चं फोल्डर जसंच्या तसं संगणकावर उतरवून घ्या. ‘येताना कोथिंबीर आण’ एवढाच मजकूर असलेली आठ सेकंदांची नोटसुद्धा पुसू नका. भाषणाच्या रेकॉर्डिंगपेक्षा त्यांचा रोजचा आवाज त्यातच असतो.

घरात जुन्या कॅसेट असतील तर टेपरेकॉर्डरमध्ये घालण्याआधी वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका. ते असले की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊन आवाज पुसला जाऊ शकतो. मग खिडकीतून फितीकडे बघा. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, अशी कॅसेट वाजवू नका, जाणकाराकडे द्या. कॅसेट स्वच्छ असेल तर आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे एकदा फिरवून घ्या, चिकटलेली फीत सुटते. आवाज जाड आणि संथ येत असेल तर दोष बहुधा टेपरेकॉर्डरच्या सैल पट्ट्यात असतो, फितीत नव्हे.

अल्बम

पावसाळ्यात अल्बम उघडू नका. ठाण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत फोटो एकमेकांना चिकटतात आणि ओढले की चेहराच निघून येतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ही योग्य वेळ. पारदर्शक कागदाखाली चिकट पान असलेले जे अल्बम एके काळी सगळ्यांनी घेतले, ते फोटोंचे वैरी. त्यांतला गोंद पिवळा पडून फोटोत उतरतो. सोडवण्याआधी पानाचा पानासकट मोबाइलने फोटो काढा, म्हणजे क्रम हरवत नाही आणि फोटो फाटला तरी प्रत उरते. मग दात साफ करायचा धागा फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू ओढा. जोर लागला तर थांबा, तो फोटो तसाच राहू द्या. पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयला (स्कॅनची बारकाई, इंचाला किती ठिपके) स्कॅन करा, पासपोर्ट आकाराचा १२०० ला. निगेटिव्ह सापडल्या तर त्या २४०० वर कराव्यात. फोटोपेक्षा त्यांची प्रत नेहमीच चांगली येते, आणि आवराआवरीत लोक नेमक्या त्याच फेकून देतात. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, खळगे पुढून दिसतात. मजकूर पाकिटावर लिहा आणि मगच फोटो आत घाला.

इमारत पुनर्विकासाला जाणार असेल (नौपाड्यात आता दर दुसऱ्या घराची हीच गोष्ट आहे) तर चावी देण्याआधी एक सकाळ फक्त यासाठी काढा. दारावरची पाटी, मुलांची उंची मोजलेल्या चौकटीवरच्या खुणा, माळ्यावर वडिलांनी ठोकलेली फळी. पाटी स्क्रू काढून सोबत न्या. चौकटीवरच्या खुणा मोजपट्टी शेजारी धरून फोटोत घ्या, नाहीतर नंतर नुसत्या रेघा दिसतात.

हाताने करायचं काम: कंदील

प्रत्येक घरात वडिलांच्या नावावर असलेलं एक काम असतं. मखर, फणस फोडणं, रविवारची मासळी, दिवाळीचा कंदील. त्यातलं एक निवडा आणि घरातल्या सगळ्यात लहान, पण कात्री धरता येणाऱ्या मुलाला त्यात घ्या. कंदिलाची कृती इथे सविस्तर देतो, कारण तो करणारे हात आता बरेच कमी झालेत. बऱ्याच घरांत पहिल्या वर्षी कंदील लावत नाहीत, तेव्हा सुरुवात दुसऱ्या दिवाळीला.

बुरुडाकडून बांबूच्या पातळ कामट्या आणा आणि रात्रभर पाण्यात भिजवा, म्हणजे कापताना चिरत नाहीत. ८ इंचाच्या एकसारख्या २४ काड्या लागतात, दोन जादा ठेवा. चार-चार काड्यांचे सहा चौकोन दोऱ्याने बांधा. प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे म्हणजे सव्वाअकरा इंचांच्या आसपास आले पाहिजेत. इथे चूक राहिली की कंदील शेवटपर्यंत वाकडा राहतो. आता चार चौकोन टोकावर उभे करून, शेजारच्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधत गोल करा. हा सांगाडा हातात लुळा पडतो, घाबरू नका. वर निघालेल्या चार टोकांना पाचव्या चौकोनाचे चार कोपरे बांधा, खालच्या चार टोकांना सहाव्याचे. झाला कंदील: सव्वाअकरा इंच उंच, रुंदी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १६ इंच.

कागद चिकटवायच्या खळीसाठी दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळा. झुरळं लागू नयेत म्हणून जुनी माणसं चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी असतं, मुलं हात घालणार असतील तर नको. पतंगी कागद चौकटीपेक्षा अर्धा इंच मोठा कापा. आधी उभे चार चौकोन एका रंगात चिकटवा, त्यानेच सांगाडा ताठ होतो. मग उरलेले आठ त्रिकोण दुसऱ्या रंगात. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवा, वरून उष्णता जाते आणि खालून बल्ब बदलता येतो. ओला कागद ताणू नका, वाळताना तो आपोआप ताणला जातो आणि आधीच ताणलेला असेल तर रात्रीतून फाटतो. झिरमिळ्या शेवटी. आत ५ वॅटचा एलईडी बल्ब पुरतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब कागद भाजतो. परतीचा पाऊस दिवाळीच्या तोंडावरही गाठतो, त्यामुळे कंदील गॅलरीच्या आत टांगा.

रंग मात्र वडील वापरायचे तेच ठेवा. आठवत नसतील तर जुन्या दिवाळीच्या फोटोत मागे कुठेतरी कंदील असतोच.

नातवंडांना ठाणं दाखवताना

जास्तीत जास्त तीन ठिकाणं, रविवारी सकाळी सातला निघून. वाशी-ऐरोलीची मंडळी ट्रान्स-हार्बरने येतील, त्यामुळे सुरुवात स्टेशनवरच करा. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी इथेच आली, पण मुलांना त्याहून आजोबा कुठल्या फलाटावर, कितव्या डब्यात चढायचे हे जास्त लक्षात राहतं. तिथून दहा-पंधरा मिनिटांवर तलावपाळी, म्हणजे तलावाचा काठ, आणि कोपिनेश्वराचं देऊळ. वडील वाचणारे असतील तर तिसरं ठिकाण १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय, नाटकवेडे असतील तर गडकरी रंगायतन, खवय्ये असतील तर मामलेदार कचेरीजवळची मिसळ, मुलांसाठी पाव जादा घेऊन. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट, दोन मिनिटांची. दुकान बंद होऊन तिथे मोबाइलचं शोरूम आलं असेल तरी त्याच पायरीवर उभं राहून सांगा. दिवाळी पहाटेला तलावपाळीला नेऊ नका, त्या गर्दीत काही ऐकू येत नाही.

सगळं जमलं की तीन प्रती करा: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या भावंडाच्या घरी. पेनड्राइव्ह जपणुकीसाठी भरवशाचा नाही. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग माणूस, मग विषय. वर्ष माहीत नसेल तर ‘अंदाजे १९८५’ असं लिहा, रिकामं सोडू नका. आणि कोणतं फोल्डर कुठे आहे ते तिथीच्या कागदावरच, खाली, लिहून ठेवा.