युरोपात ट्रकमध्ये झोपल्याचा दंड: तपासणीत काय दाखवाल?

युरोपीय संघात 45 तासांची साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घेता येत नाही. बाहेरच्या मुक्कामाचा खर्च मालकाचा. किमान 24 तासांची कमी केलेली साप्ताहिक विश्रांती मात्र उभ्या गाडीत, झोपायची नीट सोय असेल तर चालते. वाद इथेच पेटतो: टॅकोग्राफ (गाडी चालवण्याच्या आणि विश्रांतीच्या वेळा नोंदवणारं यंत्र) गाडी उभी होती एवढंच सांगतो, चालक कुठे झोपला ते नाही. युरोपीय आयोगाच्या मते दंड व्हावा तो केबिनमध्ये 45 तासांची विश्रांती घेताना सापडल्यावरच. हॉटेलची पावती सक्तीची नाही, तरी जपून ठेवा.

चालू दिवसाच्या आणि मागच्या 56 दिवसांच्या टॅकोग्राफ नोंदी तयार हव्यात. सुरक्षित पार्किंग न मिळाल्याने गाडी चालवायची वेळ ओलांडली? थांबायच्या जागेवर पोहोचताच टॅकोग्राफच्या प्रिंटआउटवर हाताने कारण लिहा. हे राहिलं, की खरं कारणही टिकत नाही.