यूकेत रॉबरीच्या केसमध्ये अडकलात तर या चुका टाळा

लंडनमध्ये क्रिमिनल वकिलांच्या ऑफिसात मी अकरा वर्षं क्लार्क आहे. पोरगा पोलीस स्टेशनात असतो आणि आम्हाला फोन येतो नाशिकहून नाहीतर सांगलीहून, आईचा किंवा मामाचा, आणि तोवर त्याने निम्मी केस स्वतःच बिघडवलेली असते.

आधी 'सशस्त्र दरोडा' हा शब्द डोक्यातून काढा. आपल्याकडे दरोड्याला पाच माणसं लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 'आर्म्ड रॉबरी' नावाचा वेगळा गुन्हाच नाही. १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टचं कलम ८ एवढंच बघतं की चोरी करण्यासाठी, चोरीच्या वेळी किंवा लगेच आधी, कुणावर बळ वापरलं का किंवा 'आत्ता इथेच मारीन' अशी भीती घातली का. हत्यार असो नसो, कमाल शिक्षा जन्मठेप. हत्याराचा चार्ज त्याशिवाय वेगळा लागतो. (स्कॉटलंडचा कायदा निराळा, तिथली केस असेल तर तिथलाच वकील बघा.)

'पण बंदूक खेळण्यातली होती!' हे तर मी दर दोन महिन्यांनी ऐकते. फायरआर्म्स अ‍ॅक्टमध्ये नकली बंदूकही येते, बंदुकीसारखी दिसली की पुरे. एका माणसाने जॅकेटच्या आत बोटं धरून बंदूक असल्याचं भासवलं होतं, २००५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की स्वतःची बोटं ही 'जवळ बाळगलेली वस्तू' होत नाही, म्हणून बंदुकीचा चार्ज रद्द झाला. रॉबरी मात्र तशीच राहिली. लोक यातला फक्त अर्धा भाग लक्षात ठेवतात.

आता सगळ्यात मोठी चूक. एक स्टुडंट, विशी-बाविशीतला, त्याने सोबत राहणाऱ्या दोघा मित्रांना गाडीतून दुकानापाशी सोडलं, बाहेर थांबला आणि परत घेऊन आला. आत काय झालं ते त्याला माहीतच नव्हतं. पोलिसांनी विचारलं, वकील हवा का? हा म्हणाला नको, कारण वकील मागितला तर संशय येईल आणि थांबावं लागेल, सकाळी लेक्चर आहे. मग मित्रांना वाचवायला सांगून टाकलं की मी रात्रभर घरी झोपलो होतो. गाडी सीसीटीव्हीत होती, फोनचं लोकेशनही निघालं. त्यानंतर तो खरं सांगायला लागला पण ऐकणार कोण? माणूस गुन्हा न करताही घाबरून खोटं बोलू शकतो हे जज ज्युरीला समजावतात आणि तो सुटलासुद्धा, पण पाच महिने रिमांडमध्ये काढून. कोर्स गेला. त्याची आई कोर्टाबाहेर माझा हात धरून नुसती उभी होती, ते मला अजून आठवतं.

वकील तिथे फुकट मिळतो हो! दिवसा-रात्री कधीही, पगार कितीही असो, दुभाषाही फुकट. मी ओळखीच्या प्रत्येक नव्या स्टुडंटकडून 'आय वॉन्ट अ सॉलिसिटर' हे मोठ्याने म्हणवून घेते. चार तास थांबावं लागलं तर थांबायचं.

यूट्यूब बघून आंधळेपणाने 'नो कॉमेंट' म्हणणंही तितकंच वाईट. जे पुढे कोर्टात सांगणार ते चौकशीत लपवलं तर ज्युरी त्याचा विरुद्ध अर्थ काढू शकते. गप्प बसायचं, बोलायचं की लिहून द्यायचं, हे वकिलाला पुरावा कळल्यावर ठरवू दे.

व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका, तो वेगळा गुन्हा होऊ शकतो. फिर्यादीला फोन करून 'मिटवून टाका' तर अजिबात नको. 'मला धमकावून करायला लावलं' हा बचाव आहे, पण अशा टोळीत स्वतःहून घुसला असाल तर तो टिकणं अवघड. आणि १२ महिने किंवा जास्त कैद झाली की परदेशी नागरिकाला हद्दपारीची टांगती तलवार, हे पहिल्याच दिवशी वकिलाला विचारा.

तुम्ही दुसरीकडे होतात असं म्हणणार असाल तर साक्षीदारांची नावं-पत्ते डिफेन्स स्टेटमेंटमध्ये (बचावाच्या लेखी निवेदनात) द्यावे लागतात. दुकानांचं फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून घरच्यांचा फोन आला की मी लगेच वही उघडते आणि त्या रात्रीची बस, जेवणाचं बिल, कुणाला किती वाजता फोन केला, सगळं मिनिटागणिक लिहून घेते.