युनियनतर्फे पहिल्यांदाच बैठकीला जाताय?

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयातली दोन नवी मुलं भेटायला आली. युनियनच्या कार्यकारिणीवर नुकतीच निवडून आलेली, आठवड्याभरात प्रशासनाबरोबर पहिली बैठक. हातात चोवीस मागण्यांचं मागणीपत्र. "ताई, तिथे बोलायचं कसं?" मी म्हटलं, आधी कुणाशी बोलायचं ते ठरवा. मला हे पहिली काही वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते.

मी पुण्यातल्या एका निमसरकारी संस्थेत लिपिक म्हणून लागले. नोकरी करता करता कामगार कायद्याची पदविका केली आणि सहाव्या वर्षी युनियनच्या वाटाघाटी समितीत आले. तोपर्यंत माझी समजूत अशी, की समोर बसलेला साहेब म्हणजे मालक. चाकणच्या खासगी कारखान्यात ते बऱ्याच अंशी खरंही असतं, कारण तिथे पैसे ज्याचे त्याचाच माणूस टेबलावर असतो. आपल्याकडे साहेबही पगारी नोकर. महापालिकेचंच बघा. उपायुक्त ऐकून घेतात, आयुक्त सही करतात, पण पैशांचा विषय स्थायी समितीत जातो, मोठा असला तर मुख्य सभेत, आणि नवीन पदं किंवा वेतनश्रेणी म्हटलं की मुंबईला नगरविकास विभागाकडे. तिथे आस्थापना खर्च, म्हणजे पगार आणि कारभारावरचा खर्च, 35 टक्क्यांच्या वर गेलाय का, हा पहिला प्रश्न. अशा वेळी उपायुक्तांवर आवाज चढवून काय मिळणार? त्यांच्या हातात ते नसतंच.

म्हणून मागणीपत्र घेऊन बसा आणि प्रत्येक मागणीसमोर लिहा, ही कुणाच्या सहीने सुटते? त्या मुलांच्या चोवीस मागण्या आम्ही अशा लावल्या तेव्हा नऊ मागण्या खातेप्रमुखाच्याच अधिकारातल्या निघाल्या. पाण्याची टाकी, ड्युटीचा तक्ता, रजेचे अर्ज पडून राहणं, बूट आणि हातमोजे. या मागण्या पहिल्याच बैठकीत मार्गी लावायच्या. लोकांना काहीतरी हातात पडतं आणि साहेबांनाही कळतं की ही माणसं काम घेऊन आलीत.

उरलेल्या मागण्यांसाठी साहेबांची भीती समजून घ्या. ही भीती खरी असते. अधिकार नसताना मंजुरी दिली तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, आणि निवृत्तीच्या तोंडावर वसुली मागे लागते. त्यांना 'हो' म्हणायला कागद लागतो. कुठल्या शासन निर्णयात बसतं, दुसऱ्या महापालिकेने असा ठराव केलाय का, वर्षाचा आर्थिक भार किती, हे सगळं तुम्हीच तयार करून न्या. त्यांच्या टिपणीतले निम्मे परिच्छेद तुमच्या पत्रातून उचलता यायला हवेत. भाषण विसरलं जातं, फाईलला लावलेला कागद मंत्रालयापर्यंत जातो.

आता इतिवृत्ताबद्दल, म्हणजे बैठकीत काय ठरलं त्याच्या लेखी नोंदीबद्दल. हे मी नुकसान सोसून शिकले.

वर्कशॉपमधल्या कामगारांचा धुलाई भत्ता कित्येक वर्षं वाढला नव्हता. ग्रीस लागलेले कपडे घरी बायका धुतात, साबणाचा खर्च घरचा. तीन तास चर्चा झाली. 412 माणसं, महिन्याला 150 रुपये वाढ, वर्षाचा भार 7,41,600 रुपये, हा हिशोब मीच मांडला होता. साहेब म्हणाले, "ठीक आहे, करू." आम्ही हात मिळवले, चहा घेतला, गेटवर जाऊन पेढे वाटले. बारा दिवसांनी इतिवृत्त आलं. त्यात एकच ओळ होती: 'सदर मागणीबाबत सकारात्मक चर्चा झाली.' रक्कम नाही, तारीख नाही. पुढे साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब म्हणाले, यात मंजुरी कुठे आहे? अकरा महिने गेले. गेटवर ज्यांनी पेढा खाल्ला होता त्यांच्या नजरेला नजर देता येत नव्हती.

पुढच्या बैठकीत आमच्या जुन्या सरचिटणीसांनी, अण्णांनी, मला आधीच शेजारी बसवलं. विषय संपला की मी तिथल्या तिथे दोन ओळी लिहायच्या: काय, किती, कोणत्या तारखेपासून, कुणी करायचं. मग अण्णा कागद पुढे सरकवून शांतपणे म्हणायचे, "साहेब, पुढचा विषय घेण्याआधी एवढी सही." चहा सह्यांनंतर. एकदा साहेबांनी 'शक्यतो 1 एप्रिलपासून' असं लिहिलं. अण्णांनी पेन उचलून 'शक्यतो'वर बोट ठेवलं आणि काही न बोलता बसून राहिले. मिनिटभराने साहेबांनी स्वतःच तो शब्द खोडला, बाजूला छोटी सही केली. भत्ता 1 एप्रिललाच लागू झाला.

'तत्त्वतः मान्य', 'विचाराधीन', 'कार्यवाही सुरू आहे', 'नियमानुसार', 'सकारात्मक' हे शब्द दिसले की थांबा आणि तारीख मागा.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण आपण कोणत्या टेबलावर आहोत हे माहीत नसेल तर दुसऱ्याचे डावपेच कामी येत नाहीत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली मंडळी केंद्र सरकारकडे. त्यांच्यासाठी 1966 पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे, म्हणजे सरकार आणि कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी एकत्र बसून बोलण्याचं व्यासपीठ. ती उभी राहण्यामागे 1960 च्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपाचा मोठा वाटा होता. अशा कारखान्यांच्या, म्हणजे आयुध निर्माण्यांच्या, 1 ऑक्टोबर 2021 ला सात कंपन्या झाल्यावर तिथले प्रश्नही बदलले. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी 1977 मध्ये 54 दिवसांचा संप केला. 1979 च्या वर्तणूक नियमांनी त्यांना संपाला मनाई आहे, तरी जुन्या पेन्शनसाठी मार्च 2023 मध्ये त्यांनी संप केलाच. महापालिका, परिवहन अशा ठिकाणी मात्र औद्योगिक कायदा लागतो, आणि महाराष्ट्रात 1971 चा मान्यताप्राप्त युनियनचा कायदा. त्यात मान्यतेसाठी सलग सहा महिने किमान 30 टक्के सभासद लागतात. 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाली. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर वाटाघाटी करणाऱ्या एकमेव युनियनसाठी तीत 51 टक्क्यांची अट आहे. सभासद नोंदणी आणि वर्गणीच्या पावत्या नीट ठेवा, असं मी प्रत्येक नव्या पदाधिकाऱ्याला सांगते ते यासाठीच.

आणखी एक. दोघांनी आपसात केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे तडजोड घडवणाऱ्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर, झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्यांना बांधतो. युनियनचा सभासद नसलेल्यालाही, उद्या नोकरीला लागणाऱ्यालाही. मोठा करार असेल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयातली खेप वाचवू नका.

दिवाळीच्या सुमारास 'बोनस'वर भांडण होतं तेव्हा हेही लक्षात ठेवा, की 1965 च्या बोनस कायद्यातून स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्मचारी वगळलेले होते. आपल्याला मिळतं ते सानुग्रह अनुदान, म्हणजे कराराच्या जोरावर मिळवलेलं. करार संपायच्या आधी नव्याची बोलणी सुरू करा.

माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो तो ठेक्यावरच्या माणसांसाठी. पहाटे झाडू घेऊन आपल्याच रस्त्यावर उतरतात, पण प्रशासन म्हणतं ठेकेदाराला विचारा. हे उत्तर मान्य करू नका. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. संस्थेने स्वतः वर्षानुवर्षं 'तात्पुरतं' ठेवलेल्यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्याबद्दल 2006 च्या उमादेवी निकालाचा दाखला हमखास दिला जातो, की रीतसर भरतीशिवाय ठेवलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही. तेव्हा 2009 चा एसटी महामंडळाविरुद्ध कास्ट्राईब संघटनेचा निकाल पुढे ठेवा. अनुचित कामगार प्रथा, म्हणजे कायमपणाचे फायदे टाळण्यासाठी वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं, सिद्ध झाली तर कायम करण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार उमादेवीने गेलेला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय. मात्र त्यासाठी हजेरीपत्रकाची झेरॉक्स, ओळखपत्र, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी लागतात. त्या आजपासून जमवायला लागा.

बैठक संपली की दुसऱ्या दिवशी गेटवर जायचंच, काही मिळालं नसलं तरी. त्या दोन मुलांनी बैठकीनंतर सकाळी सहाला हजेरी कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांची हजेरी लागते तिथे, द्वारसभा घेतली, मी मागे उभी होते. कागद हातात धरून त्यांनी आधी न मिळालेल्या मागण्या वाचल्या, प्रत्येकीसमोर फाईल आता कुणाच्या टेबलावर आहे तेही सांगितलं. मग मागून एका मावशींनी विचारलं, "आणि बुटांचं?" मुलाने तारीख वाचली, सही कुणाची ते सांगितलं. मावशी पुढे आल्या, कागद हातात घेतला, चष्मा लावून स्वतः वाचला आणि परत देताना म्हणाल्या, "माझा नंबर पाच आहे, लिहून घे."