ऑफसीझनमध्ये टीम बांधताना या चुका टाळा, एंजल्सच्या फॅनचं ऐका

अमेरिकन बेसबॉलची फायनल, म्हणजे वर्ल्ड सिरीज, संपली की पाचेक दिवसात फ्री एजन्सीचा, म्हणजे काँट्रॅक्ट संपलेल्या प्लेयर्सचा बाजार उघडतो आणि आम्ही एंजल्स टीमवाले लगेच सुरू, याला घ्या त्याला घ्या. इथे आयपीएलसारखं ऑक्शन नसतं, एजंटशी घासाघीस करून पाच-सात, कधी दहा वर्षांचं काँट्रॅक्ट द्यावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा गॅरंटीड असतं, म्हणजे प्लेयर खेळो न खेळो पैसे मोजायचेच.

सगळ्यात महाग चूक म्हणजे झालेल्या सीझनचा खेळ बघून पुढच्या दहा वर्षांचे पैसे देणं. डिसेंबर 2011 ला आम्ही अल्बर्ट पुहोल्स या बॅटरला 10 वर्षांचे 24 कोटी डॉलर कबूल केले, तेव्हा तो 32 चा व्हायला महिनाच बाकी होता. वर पगार असा बांधला की 2012 ला 1.2 कोटी आणि 2021 ला 3 कोटी, म्हणजे पाय थकतील तसा चेक मोठा! शेवटी मे 2021 मध्ये त्याला सोडूनच दिलं. माणूस ग्रेट, 703 होमरन (आपल्या सिक्सरसारखे) आहेत, त्यात वाद नाही. पण आपण फसतो कसे ते बघा, 2017 ला त्याचे आरबीआय, म्हणजे त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेले रन, 101, वरवर बघितलं तर झकास ना? ऑन-बेस, म्हणजे आउट न होता बेसवर (रनच्या वाटेवरच्या थांब्यावर) पोचण्याचं प्रमाण, मात्र .286. त्याच सीझनला आमच्याच माइक ट्राउटचा ऑन-बेस .442, ट्राउट आधीच बेसवर जाऊन उभा असला की रन येणारच की हो. म्हणून बॅटर बघताना आरबीआय सगळ्यात शेवटी बघा.

बरं, यातून शिकलो का? छे. डिसेंबर 2019 ला अँथनी रेंडन या बॅटरला 7 वर्षांचे 24.5 कोटी डॉलर. आमच्याकडे एकाही सीझनमध्ये तो 58 च्या वर गेम खेळला नाही.

बॅटवर एवढा खर्च आणि पिचिंग (म्हणजे बॉलिंग) वाऱ्यावर, मग 2021 च्या ड्राफ्टला, म्हणजे नवी पोरं निवडताना, एकदम जाग आली आणि 20 च्या 20 पिक पिचरच घेतले. हे म्हणजे पावसात भिजल्यावर वीस छत्र्या आणणं. 2014 नंतर प्लेऑफ नाही, त्यातली 2018 ते 2023 ही वर्षं तर ट्राउट आणि ओहतानी असे दोन स्टार एकाच टीममध्ये असताना.

लक्झरी टॅक्सचा, म्हणजे टीमचा एकूण पगार मर्यादेबाहेर गेला की भरायच्या दंडाचा हिशोबही लोक चुकवतात, त्यात त्या वर्षीचा पगार नाही, काँट्रॅक्टची वार्षिक सरासरी धरतात. 2026 ची मर्यादा 24.4 कोटी डॉलर, ओलांडली तर पहिल्यांदा वरच्या रकमेवर 20 टक्के, सलग तिसऱ्या वर्षी 50. आणि नोव्हेंबरमध्ये 40 जणांच्या रोस्टरवर (टीमच्या मुख्य यादीत) आपली मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या लीगमधली, पोरं टाकायला विसरू नका, नाहीतर यादीबाहेरच्या पोरांच्या रूल 5 ड्राफ्टमध्ये दुसरी टीम उचलते, 1954 ला डॉजर्स टीमचा रॉबर्टो क्लेमेंटे पायरेट्स टीमने असाच नेला.

मग घ्यायचं कोणाला? मायनर लीग डीलची यादी बघा, जी कोणी वाचत नाही. मॅक्स मन्सी या बॅटरला 2017 ला ओकलंडच्या टीमने सोडलं, डॉजर्सनी त्याला तसाच स्वस्तात उचलला आणि 2018 ला त्याने 35 होमरन ठोकले. आणि हे डॉजर्सचं मैदान आमच्या ॲनाहाइमपासून ट्रॅफिक धरून तासाभरावर.