बाइकची सीट आरामदायक कशी करावी: फोम कापण्यापासून कव्हर ताणण्यापर्यंत

रोज तीस-चाळीस किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला सीट टोचायला लागली, की पहिला विचार येतो तो वरून आणखी एक मऊ फोम टाकून घेण्याचा. दुकानातही तेच सुचवलं जातं: "एक इंचाचा फोम टाकून देतो, गादीसारखी होईल." पहिले काही दिवस ती खरंच गादीसारखी वाटते. मग तो थर हाडांखाली चपटा होतो, सीट उंच झालेली असते आणि दुखणं जिथल्या तिथे.

बसल्यावर आपलं बहुतेक वजन माकडहाडाच्या पुढे, दोन्ही अंगांना असलेल्या बैठकीच्या दोन हाडांवर येतं. मऊ फोम नेमका त्या दोन जागी पूर्ण दबतो आणि हाडं सीटच्या तळाच्या कडक प्लेटला टेकल्यासारखी होतात. आजूबाजूचा न दबलेला फोम मात्र मांड्यांमधल्या नाजूक भागाला वर रेटत राहतो. म्हणून लांब अंतराला साथ देणारी सीट हाताने दाबली तर थोडी कडकच लागते. आराम येतो तो हाडांखालच्या पक्क्या आधारातून, रुंदीतून आणि उतार बरोबर असण्यातून.

पुढची कृती १०० ते १२५ सीसीच्या, एकसंध लांब सीट असलेल्या मोटरसायकलची आहे. स्कूटरला जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

आधी दुखणं ओळखा

पाऊण तास सलग गाडी चालवा आणि उतरल्यावर नेमकं कुठे दुखतं ते पाहा. दोन हाडांच्या जागी ठणकत असेल तर फोम दबून चपटा झाला आहे. माकडहाड दुखत असेल तर सीटला मध्ये खळगा पडलाय आणि तुम्ही त्यात मागे कलून बसताय. सारखं टाकीकडे घसरायला होतं, पुढचा भाग बधिर होतो, तर सीटचा उतार पुढे जास्त आहे. मांडीच्या आतल्या बाजूला घासत असेल तर पुढची कड फार रुंद किंवा टोकदार आहे.

मनगटं, खांदे किंवा कंबर दुखत असेल तर सीट उघडण्याआधी टायरची हवा आणि मागचे शॉक तपासा. बऱ्याच मोटरसायकलींच्या मागच्या शॉकला तो सैल-घट्ट करण्यासाठी पाच खाचा असतात. एकट्यासाठी शॉक फार घट्ट ठेवला तर प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जातो, आणि कितीही चांगला फोम तो अडवू शकत नाही.

हाडांमधलं अंतर घरीच मोजता येतं. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, त्यावर थोडं पुढे झुकून मिनिटभर बसा आणि उठा. पुठ्ठ्यावर दोन खोलगट ठसे दिसतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर बहुतेकांचं १० ते १४ सेंटिमीटर भरतं. हा पुठ्ठा जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

सामान

रीबॉन्ड फोम, २५ मिलिमीटर जाडीचा, साधारण दीड फूट बाय एक फूट. फोमच्या कातरणाचा चुरा दाबून हा बनवतात, त्यामुळे तो रंगीबेरंगी ठिपक्यांचा दिसतो. ८० ते १०० डेन्सिटीचा मागा. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन; सोफ्याला सहसा ३२ किंवा ४० ची असते. दुकानात तुकडा फरशीवर ठेवून त्यावर गुडघा टेकवा आणि वजन द्या. फरशी लगेच लागली तर तो फोम सीटच्या कामाचा नाही.

याशिवाय १० मिलिमीटरचा साधा ४० डेन्सिटी फोम संपूर्ण सीटवर पुरेल एवढा, फोम-रेक्झिनला चालणारं सिंथेटिक रबरचं सोल्युशन (फेविकॉल एसआर ९९८ सारखं) २०० मिली, ६० नंबरचा सँडपेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून, कटर, हॅकसॉचं नुसतं पातं, गन टॅकर (पिना ठोकायचं हत्यार) आणि ६ मिलिमीटरच्या पिना, जाड पॉलिथिन, तोंडाला मास्क. नवं कव्हर करणार असाल तर एक मीटर रेक्झिन. त्याचा पन्हा ५४ इंच असतो, त्यात लांब सीट आरामात बसते. पांढरा लाकडाचा फेविकॉल वापरू नका. तो वाळला की कडक होतो आणि सांध्याची कड बसताना टोचते.

सीट उघडणे

मोटरसायकलची सीट सहसा साइड पॅनल काढल्यावर दिसणाऱ्या दोन बोल्टवर असते. १० किंवा १२ चा पाना लागतो. बोल्ट काढले की मागे ओढा, कारण पुढची जीभ टाकीखालच्या पट्टीत अडकलेली असते. स्कूटरची सीट उघडून पुढच्या बिजागरीचे नट काढायचे. उलट्या सीटचा फोटो काढून ठेवा: रबराचे बूच कुठे कुठे होते ते जोडताना आठवत नाही.

पिना चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचकून पकडीने ओढा, मागून पुढे या. जुनं कव्हर फाडू नका, नव्याचं माप तेच. फोम दाबून पाहा. पावसाळ्यात शिलाईतून शिरलेलं पाणी आत मुरलेलं असतं आणि ओल्या फोमला सोल्युशन धरत नाही. सीट उभी करून सावलीत दोन दिवस वाळवा. उन्हात ठेवला तर फोम पिवळा पडून वरून भुगा व्हायला लागतो.

आकार देणे

खरं काम इथेच आहे, इथे घाई नको. उघडी सीट गाडीवर परत ठेवा, नेहमीसारखे बसा, पाय पेगवर (पाय ठेवायच्या दांडीवर) घ्या आणि दुसऱ्या माणसाला मार्करने तुमच्या बैठकीची मागची रेघ मारायला सांगा. सीटच्या मधोमध पुढून मागे एक सरळ रेघ ओढा. पुठ्ठ्यावरचं अंतर या रेघेच्या दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं वाटून दोन खुणा करा.

आता एक विणायची सुई घ्या आणि खुणेवर सरळ खाली टोचा. प्लेटला टेकली की बोटाने धरून बाहेर काढा आणि मोजा. ५० मिलिमीटर किंवा जास्त फोम असेल तर दोन्ही खुणा मावतील असा अंदाजे २२ बाय १५ सेंटिमीटरचा, २५ मिलिमीटर खोल कप्पा हॅकसॉच्या पात्याने कापून काढा आणि त्यात रीबॉन्डचा तुकडा बसवा. खाली मूळ फोमचे निदान २५ मिलिमीटर राहिले पाहिजेत. तेवढी जाडी नसेल तर खणू नका. कप्पा १० ते १२ मिलिमीटरचा करून पातळ तुकडा घाला. तुकडा कप्प्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा कापा, दाबून बसला की फट राहत नाही.

सीट पुढे उतरती असेल तर मागचा भाग खरवडण्याचा मोह होतो. त्याने तुम्ही खळग्यात बसता आणि गुडघे जास्त मुडपतात. त्यापेक्षा पुढच्या बाजूला रीबॉन्डची पाचर लावा: टाकीकडे १५ ते २० मिलिमीटर जाड आणि मागे १५ सेंटिमीटरमध्ये शून्यावर येणारी. बसल्यावर मांडी आणि सीट यांच्यात पोकळी राहू नये, एवढंच पाहायचं. उंची कमी असणाऱ्यांनी ही पाचर लावताना दोन्ही कडा तिरक्या घासून घ्याव्यात. पाय जमिनीला पोचण्यात सीटच्या उंचीइतकाच पुढच्या रुंदीचा वाटा असतो. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटर उंच आहे, क्लासिक ३५० ची ८०५; पण कड घासून पुढचा भाग अरुंद केला तर उंची न बदलताही पाय टेकायला सोपं जातं.

माकडहाड दुखणाऱ्यांसाठी मधल्या रेघेवर ३ ते ४ सेंटिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर खोल चर काढा, हाडांच्या खुणांपासून मागे. कडा गोल करा, नाहीतर चराचीच धार लागते.

सोल्युशन दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावा. दहा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर तार सुटली नाही की मगच चिकटवा. ओलं असताना चिकटवलं तर सांधा घसरतो, आणि जाड थर वाळून दगडासारखी कड तयार होते. वाफ पटकन पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ गॅस, उदबत्ती काहीही पेटतं नको.

वाळल्यावर सँडपेपरने एकाच दिशेने हलक्या हाताने घासा. मागेपुढे रेटलं की फोमचे गठ्ठे निघतात. एका बाजूचा आकार वर्तमानपत्रावर कापून घ्या आणि तोच कागद उलटा करून दुसऱ्या बाजूला लावा. डोळ्यांना न दिसणारा फरक कागदाला दिसतो. शेवटी १० मिलिमीटरचा फोम सगळ्या सीटवर ताणून चिकटवा, म्हणजे सांधे झाकले जातील.

जेल पॅड घालायचा असेल तर या वरच्या थराच्या खाली. जेल उष्णता धरून ठेवतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं जेल कव्हरला लागून असेल तर विदर्भातल्या मे महिन्यात बसवणार नाही.

मागे बसणाऱ्याचा विचार

साडी नेसून एका बाजूला बसणारी आई किंवा आजी असेल तर मागचा भाग सपाटच ठेवा. तिथे मध्ये उंच आणि कडेला गोल असा आकार केला तर ती प्रत्येक ब्रेकला खाली घसरते. चालकाच्या आणि मागच्या बैठकीत पायरी करायची झाल्यास ४ सेंटिमीटरपुरती. सीटवरचा आडवा पट्टा दिसायला नको म्हणून काही जण काढून टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे मागच्यासाठी हाताला धरायची सोय, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण असावं लागतं. तुमच्या गाडीला वेगळी पकड नसेल तर तो पट्टाच ती सोय आहे, परत लावा.

कव्हर लावण्याआधी एक फेरी

जुनं कव्हर पाच-सहा पिनांवर तात्पुरतं लावा आणि तीस किलोमीटर चालवून या. हे टाळलं की पक्कं कव्हर परत उचकावं लागतं. कुठे गाठ लागत असेल ती जागा घासा, परत फिरा.

मग फोमवर पॉलिथिन ओढा. शिलाईच्या भोकांतून पाणी शिरणारच. ते फोममध्ये मुरलं की पाऊस थांबल्यावर दोन दिवस पँट ओली होते. पॉलिथिनमुळे रेक्झिन ताणताना सहज सरकतंही. प्लेटची पाणी निघायची भोकं मात्र झाकू नका.

रेक्झिन बसण्याच्या जागी खरखरीत पोताचं आणि मागे विणीचं अस्तर असलेलं घ्या, ते ताणलं जातं. पंधरा मिनिटं उन्हात ठेवा, गरम असतानाच लावा. ऊन प्लेटलाही द्या, थंड कडक प्लास्टिकमध्ये पिना अर्ध्याच शिरतात. पहिली पीन पुढे मधोमध, दुसरी मागे मधोमध ओढून, मग डावी-उजवी. त्यानंतर समोरासमोरच्या जोड्या मारत कोपऱ्यांकडे जा. दोन पिनांत १५ ते २० मिलिमीटर अंतर ठेवा. सुरकुती आली तर शेजारी आणखी पीन मारून ती जात नाही, आधीची काढून परत ओढावं लागतं. पीन प्लेटच्या जाडीपेक्षा लांब घेतली तर टोक फोममध्ये निघतं. जुन्या गाड्यांना पत्र्याची प्लेट असते; तिला पीन लागत नाही, कव्हर दातऱ्यांत अडकवतात. ते काम कारागिराकडेच द्या.

सगळंच कारागिराकडून करून घेणार असाल तरी पुठ्ठ्याचं माप घेऊन जा, "वरून थर नको, जुना फोम कापून रीबॉन्ड भरा" असं स्पष्ट सांगा, आणि कव्हर चढवण्याआधी बसून पाहू द्या म्हणा. सीट उघडायचीच नसेल तर थ्रीडी जाळीचं कव्हर घ्या. आधार त्याने वाढत नाही, पण खालून हवा खेळते आणि पावसानंतर ते लवकर वाळतं. पट्टे प्लेटखालून घट्ट बांधा.

जोडताना आधी पुढची जीभ, मग बोल्ट. खाली वायर दबली नाही ना, टाकीला सीट घासत नाही ना, स्कूटरचा लॉक एका दाबात बसतो ना, हे पाहा. लॉक जोर लावल्याशिवाय बसत नसेल तर कव्हरची घडी हुकाजवळ जाड झाली आहे, तिथलं जादा रेक्झिन कापा. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर सीट उलटी करून पिना एकदा बोटाने चाचपा. पहिल्या सुटतात त्या पुढच्या कोपऱ्यातल्या, जिथे मांडी सारखी घासते.