मूल घरी आणण्यापूर्वी: दत्तक, प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्वाच्या सरकारी पायऱ्या

एखाद्या प्रसूतिगृहातून किंवा गावाकडच्या नातेवाइकाकडून 'एक बाळ आहे, आईला नको आहे, तुम्ही घेता का?' असा निरोप आला, तर मुलाची वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या दांपत्याचे मन लगेच तिकडे धावते. त्या क्षणी करण्यासारखे योग्य काम एकच आहे. १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर किंवा निराधार मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीला कळवावे, आणि आई समोर असेल तर तिला समितीपर्यंत पोहोचण्यास मदत करावी. टाकून दिलेले किंवा निराधार मूल आढळल्यास २४ तासांच्या आत कळवणे बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बंधनकारक आहे. ही प्रक्रिया टाळून मूल घेणाऱ्याला किंवा देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि व्यवहारात मुलाची खरेदी-विक्री दिसली तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. शिक्षेपेक्षाही मोठे नुकसान वेगळेच असते: असे घरी आलेले मूल, जीव जडल्यानंतर, कोणत्याही दिवशी परत द्यावे लागू शकते. २०२१ मध्ये करोनाने अनाथ झालेल्या बाळांचे फोटो आणि मोबाइल क्रमांक समाजमाध्यमांवर फिरत होते. ते पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण त्यातून मुले कुणाच्याही हाती पडण्याचा धोका खरा होता.

या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त असल्याची घोषणा. ती फक्त बाल कल्याण समिती करू शकते, आणि त्या निर्णयात किमान तीन सदस्यांचा सहभाग असावा लागतो. संस्थेबाहेरच्या पाळण्यात किंवा बसस्थानकावर सापडलेल्या बाळाच्या पालकांचा आधी शोध घेतला जातो. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत निर्णय व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. आईने स्वतः समितीसमोर मूल सोपवले असेल, तर तिला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. हे ६० दिवस वाट पाहणाऱ्या पालकांना जड जातात हे खरे, पण घाबरलेल्या, एकट्या पडलेल्या त्या आईला तेवढाच श्वास घ्यायला मिळतो आणि त्यात कपात व्हावी असे मला कधीही वाटलेले नाही.

पालक म्हणून नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजेच 'कारा'च्या पोर्टलवर करावी लागते. अर्ज भरण्यापूर्वी आपली पात्रता तपासून घ्यावी. दांपत्याचे वैवाहिक जीवन किमान दोन वर्षे स्थिर असावे आणि दोघांची संमती असावी. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी कोणालाही दत्तक घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दत्तक घेता येत नाही. मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते. २०२२ च्या दत्तक नियमांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दांपत्याच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा आणि एकट्या पालकाचे वय ४० पेक्षा जास्त चालत नाही. मुलाचे वय वाढते तशी ही मर्यादा सैल होत जाते. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही 'कारा'मार्फतच यावे लागते, पण त्यांचा अर्ज त्या देशातील अधिकृत दत्तक संस्थेकडून येतो.

नोंदणीनंतर सामाजिक कार्यकर्ती घरी येते आणि गृह अभ्यास अहवाल तयार करते. या भेटीची अनेकांना परीक्षेसारखी धास्ती वाटते व ते घर रंगवून ठेवतात. तिला पाहायचे असते ते वेगळेच: आजी-आजोबांना हा निर्णय मान्य आहे का, मूल न होण्याचे दुःख पती-पत्नी एकमेकांशी बोलले आहेत का, मुलाला त्याच्या दत्तक असण्याबद्दल सांगण्याची तयारी आहे का. उत्पन्न, आजारपण किंवा पूर्वीचा घटस्फोट लपवू नये. लपवलेली गोष्ट नंतर कळली तर ती अधिक आड येते. अहवाल तीन वर्षे ग्राह्य असतो, आणि प्रतीक्षाही बहुधा तितकीच लांबते, कारण नोंदणी केलेले पालक मुक्त मुलांच्या कितीतरी पट आहेत.

संस्थेत जाऊन मूल पसंत करण्याची सोय नाही, आणि ती नसावीच. नोंदणीच्या ज्येष्ठतेनुसार पोर्टलवरून मुलाचे छायाचित्र, बाल अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल पाठवला जातो आणि ४८ तासांत मूल राखून ठेवायचे की नाही हे कळवावे लागते. तेवढ्या वेळात अहवाल वाचू शकेल अशा बालरोगतज्ज्ञाशी आधीच बोलून ठेवावे. नियमात ठरलेल्या शुल्काव्यतिरिक्त देणगी म्हणून कुणी काही मागितल्यास देऊ नये आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. दत्तक आदेश देताना पैशांची अन्य देवाणघेवाण झालेली नाही याची खात्री करून घेणे कायद्यातच लिहिलेले आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आला. अर्ज दोन महिन्यांत निकाली निघावा अशी तरतूद असून आदेशाविरुद्ध ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. मूल घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, ते कसे रुळते आहे याची पाहणी होते. तो संशय समजू नये. काही अडचण असेल तर ती सांगण्याची हीच जागा आहे.

(हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार नात्यातले मूल दत्तक घेण्याचा मार्ग आजही वेगळा चालू आहे. मात्र त्यातील दत्तकपत्राचा आधार घेऊन सापडलेले, निराधार बाळ घरी ठेवता येत नाही.)

प्रतिपालकत्वात मूल आपले होत नाही, ते काही काळ आपल्या घरी वाढते. मुक्त न झालेली, सहसा सहा वर्षांपेक्षा मोठी, संस्थेतच लहानाची मोठी होणारी मुले यात येतात. ठेवण्याचा आदेश बाल कल्याण समिती देते आणि देखरेख जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. मूल पुढे मुक्त ठरले, तर दोन वर्षे सांभाळणाऱ्या कुटुंबाला त्याच्या दत्तकाचा विचार करता येतो.

प्रायोजकत्वाबद्दल, म्हणजे मूल आपल्याच घरी वाढावे म्हणून मिळणाऱ्या मदतीबद्दल, थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण ज्यांना त्याची खरी गरज असते त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचतच नाही. वडील वारले, आई धुणीभांडी करते आणि मुलाला वसतिगृहात किंवा बालगृहात टाकावे काय या विचारात आहे, अशा घरासाठी ही मदत आहे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत दरमहा ४,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि अन्यत्र ९६,००० रुपयांपेक्षा जास्त नसावे. महाराष्ट्रात याखेरीज क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आली. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा तेथील बाल संरक्षण कक्षात जावे. सोबत मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड, शाळेचा बोनाफाइड आणि बँक पासबुकाची प्रत न्यावी. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये, कारण पुढची सगळी विचारणा त्या क्रमांकावरच होते.

दत्तकपूर्व काळात, म्हणजे दत्तक आदेश होण्याआधी, मूल घरी आले की फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकण्याची घाई होते. ती टाळावी. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आत्या-मावशांना घरी बोलावून बाळ दाखवावे.